व्यसनातून सावरताना नोकरी: कोणती घ्यावी, मुलाखतीत किती सांगावं आणि पहिला पगार कसा सांभाळावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दारू सुटून अडीच महिने झाले. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन सहा आठवडे झाले. डायसल्फिरामची गोळी (ही चालू असताना दारू घेतली तर त्रास होतो) रोज सकाळी चालू आहे, झोप अजून तुटक आहे. आधीची नोकरी दारूपायीच गेली, त्याला आता १४ महिने होतील. घरचे रोज विचारतात. एका गोदामात कायम रात्रपाळीची नोकरी मिळते आहे आणि पगार बरा आहे. ती घ्यावी का, आणि मधल्या १४ महिन्यांबद्दल मुलाखतीत काय सांगावं?

रात्रपाळी आत्ता घेऊ नका. नोकरीचा शोध मात्र याच आठवड्यात सुरू करा.

आधी शोधाबद्दल. "अजून वर्षभर थांब, पूर्ण बरा हो, मग कामाचं बघू" असा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण त्यात नुकसान आहे. रिकामा दिवस, वाढतं देणं आणि घरात खाली घातलेली मान या तिन्हींमुळे माणूस पुन्हा पिण्याकडे ढकलला जातो. गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी 'इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट' ही पद्धत बसवली. माणसाला आधी महिनोन् महिने 'तयार' करत बसायचं नाही, काम करायची इच्छा असेल तर साधारण महिनाभरात खऱ्या नोकरीचा शोध सुरू करायचा आणि उपचार व नोकरी हातात हात घालून चालवायचे, ही तिची मुख्य सूत्रं. 'आधी तयारी, मग नोकरी' या जुन्या चालीपेक्षा या पद्धतीने जास्त लोक कामाला लागले. पुढे ही पद्धत व्यसनावर उपचार घेणाऱ्यांसाठीही वापरली गेली.

उलट टोकाची घाईही तितकीच वाईट. दारू थांबवल्यावर ६ ते २४ तासांत कंप, घाम, बेचैनी सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत आणि भ्रम होण्याचा धोका साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. त्या काळात मुलाखतीचा विषयच नको. पहिला महिना शरीर, झोप आणि औषधं बसवण्यात जातो. लक्ष, स्मरणशक्ती आणि कामाची आखणी करण्याची क्षमता पहिल्या काही आठवड्यांत बरीच सुधारते, उरलेली सुधारणा महिनोन् महिने चालू राहते. म्हणून अडीच महिन्यांनी काम शोधणं योग्य आहे, पण तोंडी सांगितलेल्या पाच सूचनांपैकी दोन निसटतील हे गृहीत धरा. खिशात छोटी वही ठेवा आणि सांगितलेलं काम तिथल्या तिथे लिहा. नव्या जागी याला कोणी हसत नाही. विसरलेलं काम मात्र लगेच नजरेत येतं.

आता रात्रपाळी. वर्षानुवर्षं पिणाऱ्याची झोप दारू थांबल्यावरही काही महिने उथळ आणि तुटक राहते, आणि न लागणारी झोप हे पुन्हा पिण्यामागचं एक ठळक कारण आहे. अशा झोपेवर रात्रपाळी लादली की दिवसा चार तास डुलक्या आणि रात्री जडपणा एवढंच हाती लागतं. दुसरी अडचण गोळीची. डायसल्फिराम ज्या घरी कोणाच्या तरी देखत रोज घेतली जाते तिथेच नीट काम करते. रात्रपाळीत ती सकाळची ठरलेली वेळ मोडते आणि "आज राहिली" अशी सुरुवात होते. या गोळीने काहींना सुस्ती येते. गोदामात फोर्कलिफ्ट चालते, उंच रॅकवर चढावं लागतं. तिसरी अडचण अशी की संध्याकाळची मीटिंग (अल्कोहोलिक्स अनॉनिमससारख्या, व्यसन सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाची) आणि समुपदेशकाची वेळ दोन्ही हुकतात, कारण त्या वेळी तुम्ही झोपलेले तरी असता किंवा निघण्याच्या घाईत तरी.

पहिली नोकरी निवडताना पगाराचा आकडा शेवटी बघा. आधी कामाचा दिवस कागदावर मांडा: उठणं, गोळी, निघणं, कामाचे तास, परतीचा रस्ता, मीटिंग, झोप. या दिवसात आठवड्याला किमान तीन मीटिंगा किंवा समुपदेशनाची सत्रं आणि रोज सात तास झोप बसत नसेल, तर ती नोकरी कितीही चांगली असली तरी तुमच्यासाठी आत्ता चांगली नाही. उपचारातून वेळ कापून नोकरीला दिला की दोन-तीन महिन्यांत दोन्ही जातात. घसरण सहसा याच क्रमाने होते: आधी मीटिंग बंद, मग औषध, मग झोप, आणि शेवटी पेला.

मग सोबत पाहा. तिथे कामानंतर रोजची 'बैठक' असते का? ग्राहकांना पाजणं हा विक्रीच्या कामाचा भाग आहे का? फिरतीत हॉटेलमध्ये एकट्याने मुक्काम करावा लागतो का? बार, मद्याचं दुकान, केटरिंगची पार्टी ही कामं पहिलं वर्ष पूर्ण बाद. रोज हातात रोख पैसा देणारं काम, मग ती टीप असो वा रोजंदारी, आठवड्याच्या किंवा महिन्याच्या बँकेतल्या पगारापेक्षा धोक्याचं, कारण तलफ आणि पैसा एकाच क्षणी हातात येतात. परतीचा रस्ता जुन्या गुत्त्यावरून जातो का, हेही नोकरी स्वीकारण्याआधी एकदा त्याच वेळी त्या रस्त्याने जाऊन बघा. दुपारी बारा वाजता पाहिलेला रस्ता संध्याकाळी सातला वेगळा असतो.

औषधांचा आणि कामाचा संबंध बहुतेक जण विचारतच नाहीत. डायसल्फिराम चालू असताना अल्कोहोल असलेलं काहीही अंगाशी येऊ शकतं: सॅनिटायझरचा सतत वापर, वॉर्निश, थिनर, काही रंग, अत्तर, प्रयोगशाळेतली द्रावणं. बंद खोलीत त्यांच्या वाफा दिवसभर नाकात गेल्या तरी चेहरा लाल होणं, धडधड, मळमळ होऊ शकते. गोळी थांबवल्यावरही हा परिणाम १४ दिवसांपर्यंत राहू शकतो. रंगकाम, पॉलिश, छपाई किंवा लॅबचं काम असेल तर होकार देण्याआधी डॉक्टरांना विचारा. वेगळं औषध देता येतं.

अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनातून सावरणारे काही जण नाल्ट्रेक्सोन घेतात. त्यावर अफूवर्गीय वेदनाशामकं नेहमीसारखी लागू पडत नाहीत. यंत्रावर किंवा बांधकामावर अपघात झाला तर तातडीच्या डॉक्टरांना हे कळलं पाहिजे, म्हणून पाकिटात औषधाचं नाव लिहिलेलं कार्ड हवंच. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या अफूवर्गीय व्यसनावरच्या औषधांवर असणाऱ्यांनी मात्रा बसेपर्यंतच्या पहिल्या आठवड्यांत वाहन आणि जड यंत्र टाळावं, आणि औषध देणाऱ्या दवाखान्याची वेळ कामाच्या वेळेशी जुळते का हे आधी तपासावं. "नोकरी लागली, आता हे औषध बंद करतो" हा निर्णय एकट्याने घेतला जातो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. काही आठवडे व्यसनाच्या पदार्थापासून दूर राहिल्यावर शरीराची सवय उतरते. पूर्वी पचणारी मात्रा मग श्वास थांबवायला पुरते.

दारू सोडताना ज्यांना कधी फिट आली असेल त्यांनी उंचीवरचं काम, वाहन चालवणं आणि फिरत्या पट्ट्यांची यंत्रं याबद्दल डॉक्टरांचं स्पष्ट मत घेतल्याशिवाय अर्जच करू नये. परिचारिका, डॉक्टर, औषधविक्रेते यांचा प्रश्न वेगळा आहे: व्यसनाचा पदार्थ त्यांच्या कामाच्या कपाटातच असतो. अमेरिकेत डॉक्टरांसाठी देखरेखीचे खास कार्यक्रम असतात आणि त्यांचा करार साधारण ५ वर्षांचा असतो, अचानक होणाऱ्या तपासण्यांसकट. अशा देखरेखीत सुधारणारे डॉक्टर संख्येने मोठे आहेत. पण किल्ली हातात नसलेली जागा, म्हणजे बाह्यरुग्ण विभाग, नोंदी किंवा शिकवणं, हीच त्यांची पहिली पायरी असावी.

शोध रोज कसा करायचा? नेथन अझ्रिन या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात 'जॉब क्लब' ही पद्धत मांडली. व्यसनावरच्या उपचारातही काम मिळवून देणं हा भाग त्यानेच आणला होता. त्यातली साधी गोष्ट ही की नोकरी शोधणं हेच रोजचं काम मानायचं: ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, शक्यतो दुसऱ्या शोधणाऱ्याबरोबर बसून. तुमच्यासाठी सकाळी ९ ते १२ एवढे तीन तास पुरेत. त्यात रोज पाच ठिकाणी संपर्क करा, अर्ज असो, फोन असो किंवा प्रत्यक्ष भेट. दिवसभर मोबाइलवर जाहिराती चाळत बसणं म्हणजे शोध नव्हे. त्याने फक्त हताशा वाढते. बारा वाजले की बंद. दुपार व्यायाम, घरकाम आणि झोपेची भरपाई यांना द्या. संध्याकाळी मीटिंग.

बऱ्याच नोकऱ्या ओळखीतून लागतात, आणि तुमची ओळखीची यादीच व्यसनाने बिघडवलेली असते. म्हणून कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात ज्यांच्याबरोबर प्यायलात ते. दुसऱ्यात ज्यांचे पैसे बुडवले, शब्द मोडले किंवा ज्यांना दुखावलं ते. तिसऱ्यात उरलेले: जुने शिक्षक, पूर्वीच्या जागेतले न पिणारे सहकारी, शेजारी, नातेवाईक, मीटिंगमधली अनेक वर्षं व्यसनापासून दूर असलेली माणसं. सुरुवात तिसऱ्या रकान्यापासून. दुसऱ्या रकान्यातल्या माणसाकडे नोकरी मागायला जाऊ नका. आधी माफी आणि देण्याची ठोस तारीख घेऊन जा, नोकरीचा विषय नंतरच्या कधीतरी भेटीत. पहिला रकाना फाडून टाका. त्यातला एखादा खरोखरच मोठ्या पदावर असतो आणि "ये, लावून देतो" म्हणतो. त्या नोकरीबरोबर तो माणूसही रोजच्या दिवसात परत येतो.

नकार येणारच आहेत, आणि तुमच्यासाठी प्रत्येक नकार हा तलफेचा एक धक्का असतो. म्हणून उत्तरं बघायची वेळ ठरवा: दुपारी चार, घरात कोणी असताना. रात्री अकराला एकट्याने मेल उघडू नका. मुलाखत संपली की पुढचे दोन तास आधीच ठरलेले हवेत, कोणाला फोन करायचा आणि कुठे जायचं हे निघण्यापूर्वी लिहून ठेवा. मुलाखत छान झाली तरी हे पाळा. आनंदाच्या भरात घेतलेला पहिला पेला दुःखातल्या पेल्याइतकाच दारूचा असतो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या जन्मातच आहे. मे १९३५ मध्ये तिचा एक संस्थापक बिल विल्सन कामासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनला गेला होता. दारू सुटून पाच महिने झाले होते, हातात जवळपास पैसा नव्हता आणि ज्या कंपनीच्या व्यवहारावर सारी आशा होती तो फसला. तो हॉटेलच्या लॉबीत उभा होता आणि बारमधून गप्पांचा आवाज येत होता. बारकडे न वळता त्याने चर्चच्या यादीतले फोन लावायला सुरुवात केली: बोलायला दुसरा कोणी दारूडा मिळेल का? त्यातून डॉ. बॉब स्मिथची भेट झाली. बॉबने १० जून १९३५ला शेवटचा पेला घेतला आणि तोच दिवस संघटनेचा स्थापनादिवस मानला जातो. काम फसल्याच्या तासात फोन कोणाला करायचा, हे तुमच्या खिशात कागदावर लिहिलेलं असू द्या. नावं तीन असावीत, कारण पहिले दोघं फोन उचलत नाहीत असं नेमकं त्याच दिवशी घडतं.

आता १४ महिने. बायोडेटावर खोटी नोकरी लिहू नका, तारखा ताणू नका. पार्श्वभूमीच्या पडताळणीत आधीच्या कंपनीकडून तारखा मागवतात आणि खोटी तारीख सापडली तर रुजू झाल्यावरही काढतात. त्याहून मोठं कारण असं की रोज जपावं लागणारं खोटं हे व्यसनाचंच जुनं कौशल्य आहे. ते पुन्हा वापरायला काढू नका. बायोडेट्यात आधी तुम्हाला करता येणारी कामं लिहा, मग नोकऱ्या. मधल्या काळात काही खरं काम केलं असेल, कोणाचे हिशेब लिहिले, शिकवण्या घेतल्या, केंद्रात स्वयंपाकघराची किंवा भांडाराची जबाबदारी सांभाळली, तर ते 'स्वयंसेवी काम' म्हणून लिहिता येतं, संस्थेचं नाव न घालता.

मुलाखतीत या प्रश्नाला तीन वाक्यांचं उत्तर द्यायचं: कारण, आत्ताची स्थिती, काम. उदाहरणार्थ: "प्रकृतीच्या कारणामुळे मला काम थांबवावं लागलं. उपचार घेतले, आता प्रकृती स्थिर आहे आणि मी पूर्ण वेळ काम करू शकतो. तुमच्या जाहिरातीतलं मालाच्या नोंदीचं काम मी आधीच्या ठिकाणी तीन वर्षं केलं आहे, त्याबद्दल सांगतो." यात एकही शब्द खोटा नाही. 'उपचार पूर्ण झाले' असं म्हणू नका, कारण ते चालू आहेत आणि पुढे आठवड्याला एक तास मागायची वेळ आली की तोंडघशी पडाल. हे उत्तर वीस सेकंदांत संपलं पाहिजे. घरी मोठ्याने दहा वेळा म्हणा, नाहीतर पहिल्या वाक्यानंतरच्या शांततेत माणूस घाबरतो आणि सगळी कहाणी सांगून बसतो. "कसला आजार?" असं पुन्हा विचारलं तर, "तो खासगी विषय आहे, पण या कामात त्याची आडकाठी येणार नाही" एवढं पुरतं.

नोकरी गेली होती हे विचारलं तर लपवू नका. "माझी हजेरी बिघडली होती, म्हणून ती नोकरी गेली. त्यामागे प्रकृतीचं कारण होतं, त्यावर उपचार घेतले आणि आता माझा दिवस वेळेवर चालतो." मात्र हे बोलण्याआधी जुन्या वरिष्ठांना स्वतः फोन करा. माफी मागा आणि साधं विचारा: "माझ्याबद्दल कोणी चौकशी केली तर तुम्ही काय सांगाल?" बरेच जण फक्त पद आणि तारखा सांगायला तयार होतात. ते काय सांगणार आहेत हे माहीत असलं की तुमचं आणि त्यांचं बोलणं जुळतं.

व्यसनाचं नाव कधी घ्यायचं? पहिल्या मुलाखतीत स्वतःहून नाही. मात्र वैद्यकीय फॉर्मवर किंवा तपासणीत थेट प्रश्न असेल, काम सुरक्षेशी निगडित असेल, म्हणजे वाहन, विमान, जड यंत्र, औषधं, किंवा कामाच्या वेळेत उपचारासाठी सवलत हवी असेल, तर सांगावं लागतं. कंपनीचा डॉक्टर असेल तर त्याला, नाहीतर मनुष्यबळ विभागातल्या एका माणसाला. शेजारच्या टेबलावरच्या मित्राला पहिल्या महिन्यात नको. कायद्याचं संरक्षण देशागणिक पार बदलतं: अमेरिकेतला १९९०चा अपंगत्वविषयक कायदा व्यसनातून सावरलेल्याला संरक्षण देतो, पण बेकायदा पदार्थ सध्या घेणाऱ्याला नाही; ब्रिटनमध्ये नुसतं व्यसन २०१०च्या समानता कायद्यानुसार अपंगत्वात धरलंच जात नाही, त्यातून झालेला यकृताचा आजार किंवा नैराश्य मात्र धरलं जाऊ शकतं. म्हणून सांगण्याआधी आपल्याकडचा नियम समुपदेशकाकडून किंवा कामगार सल्लागाराकडून समजून घ्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९६च्या मार्गदर्शक संहितेत दारू आणि अमली पदार्थांचे प्रश्न इतर आजारांसारखेच हाताळावेत आणि माहिती गुप्त ठेवावी असं म्हटलं आहे. ती बंधनकारक नाही, पण मोठ्या कंपनीशी बोलताना तिचा आधार घेता येतो.

रुजू होण्याआधी लघवीची तपासणी होत असेल तर काही गोष्टी माहीत असाव्यात. श्वासात दारू बारा ते चोवीस तासांपर्यंत सापडते, पण लघवीतल्या इथाइल ग्लुकुरोनाइडच्या (शरीरात दारूपासून बनणाऱ्या अंशाच्या) चाचणीत ती तीन ते पाच दिवस मागेपर्यंत दिसू शकते, आणि अल्कोहोल असलेल्या माउथवॉशनेही ती चाचणी फसू शकते. अफूवर्गीय पदार्थ साधारण एक ते तीन दिवस, कोकेनचे अंश दोन ते चार दिवस. गांजा क्वचित ओढणाऱ्यात तीनेक दिवस, रोज ओढणाऱ्यात ३० दिवस किंवा जास्त. डायझेपामसारख्या लांब टिकणाऱ्या झोपेच्या गोळ्या काही आठवडे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा खसखससुद्धा अफूची चाचणी पॉझिटिव्ह करू शकते. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोनसाठी वेगळी चाचणी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी नमुना घेणाऱ्या वैद्यकीय माणसाला दाखवा, मुलाखत घेणाऱ्याला नव्हे. पहिली चाचणी झटपट पद्धतीची असते. निकाल चुकीचा वाटला तर मास स्पेक्ट्रोमेट्री या प्रयोगशाळेतल्या अचूक पद्धतीने खात्रीची चाचणी करण्याची मागणी लगेच लेखी करा. चाचणीच्या आधी लिटरच्या लिटर पाणी पिऊ नका. नमुना पातळ म्हणून नोंदला जातो आणि काहीच घेतलेलं नसताना संशय येतो.

नोकरी लागल्यावर खरी कसोटी सुरू होते. पहिल्या पगाराचा दिवस हा पहिल्या वर्षातल्या सर्वांत धोक्याच्या दिवसांपैकी एक. हातात पैसा येण्याच्या दिवसांभोवती सेवन वाढतं हे अभ्यासांतही दिसून आलं आहे, आणि तुमच्या मेंदूने तर पगार आणि दारू यांची गाठ वर्षानुवर्षं बांधून ठेवली आहे. ती इच्छाशक्तीवर सोडू नका. पगार बँकेत जमा होऊ द्या. पहिले तीन महिने कार्ड घरच्या विश्वासू माणसाकडे राहू द्या आणि तुमच्याकडे आठवड्याचा प्रवास-जेवणापुरता खर्च. भाडं, हप्ते, वीजबिल पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप कापलं जाईल अशी व्यवस्था लावा. त्या संध्याकाळी न्यायला कोणी येईल आणि थेट मीटिंगला जाल, हे आधी ठरवा. हे स्वतःच्या तोंडाने घरच्यांना सांगा; त्यांनी लादलं तर तुरुंग वाटतो. सगळं कर्ज पहिल्याच पगारात फेडायला जाऊ नका. ज्यांचं देणं आहे त्यांना थोडा पण ठरलेला हप्ता द्या. खिसा रिकामा झाला की संताप आणि "एवढं करून काय मिळालं" हा विचार येतो, आणि त्या विचाराच्या शेजारीच दारू असते.

दुसरा घात सहाव्या-आठव्या आठवड्यात होतो, सगळं नीट चाललेलं असताना. काम जमलं, वरिष्ठ खूश आहेत, आता मीटिंगची गरज काय? बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या केनेथ सिल्व्हरमन यांनी 'थेराप्यूटिक वर्कप्लेस' चालवलं. तिथे लघवीची चाचणी स्वच्छ आली तरच काम आणि मजुरी मिळे. अट असेपर्यंत लोक मोठ्या प्रमाणात अमली पदार्थांपासून दूर राहिले. अट उठल्यावर अनेक जण पुन्हा व्यसनाकडे परतले. नुसती नोकरी माणसाला धरून ठेवत नाही. तिच्याबरोबर कोणीतरी नियमित विचारणारं लागतं. म्हणून पहिले ९० दिवस ओव्हरटाइम घेऊ नका, बढतीची जबाबदारी मागू नका आणि देखत गोळी घेण्याचा नेम मोडू नका. हरवलेली वर्षं भरून काढायच्या ओढीने रोज बारा तास काम करणारा माणूस घरच्यांना फार सुधारलेला वाटतो. पण भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारही गोष्टी तो एकदम गोळा करत असतो.

सहकाऱ्यांनी पेला पुढे केला तर "मी घेत नाही" हे पूर्ण उत्तर आहे. "औषध चालू आहे" असं सांगितलं की पंधरा दिवसांनी "संपलं का औषध?" असा प्रश्न येतो. पहिल्या काही पार्ट्यांना उशिरा जा, हातात आपलं पेय ठेवा, अर्ध्या तासात निघा. किंवा जाऊच नका.

घसरलात तर काय करायचं, हे घसरण्याआधी लिहून ठेवा. व्यसनावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी दाखवून दिलं की एका पेल्यापेक्षा त्यानंतरचा "आता सगळंच गेलं" हा विचार जास्त नुकसान करतो. त्या शरमेपोटी एकाचे दहा होतात. नोकरीही एका पेल्याने क्वचित जाते. न कळवता तीन दिवस गायब झाल्याने जाते. म्हणून पाळी सुरू होण्याआधी कळवा: "तब्येत बरी नाही, आज येऊ शकत नाही." वास येत असताना कामावर जाऊ नका. त्याच दिवशी स्पॉन्सर (मीटिंगमधला तुम्हाला आधार देणारा अनुभवी सदस्य) किंवा समुपदेशकाला फोन करा. डायसल्फिरामवर असताना प्यायलात आणि छातीत धडधड, उलट्या, भोवळ सुरू झाली तर सरळ रुग्णालय गाठा. पिणं चार-पाच दिवस चाललं असेल तर घरी एकट्याने एकदम थांबवू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवा.

घरच्यांचं रोजचं "काय झालं नोकरीचं?" थांबवायला एक करार पुरतो. दर रविवारी संध्याकाळी तुम्ही स्वतः सांगायचं: किती ठिकाणी संपर्क केला, किती उत्तरं आली, पुढच्या आठवड्यात काय. इतर दिवशी कोणी विचारायचं नाही. पहिल्या रविवारी सांगायला आकडे असतील तर पुढे हा करार दोन्ही बाजूंनी टिकतो.

गोदामाला थेट नकार देण्याआधी एकदा विचारा: "मला काम करायचं आहे, पण सध्या रात्रपाळी जमणार नाही. दिवसाची किंवा दुपारी लवकर संपणारी पाळी असेल तर मी लगेच रुजू होऊ शकतो, पगार थोडा कमी असला तरी चालेल." दिवसाच्या पाळीतही फोर्कलिफ्ट नको, माल मोजणी आणि नोंदीचं काम मागा. नाही म्हणाले तर नंबर ठेवून द्या. १२ महिने सलग गेले, झोप महिनाभर औषधाशिवाय सात तास लागू लागली आणि गोळीबद्दल डॉक्टरांनी पुढचा निर्णय घेतला, की त्याच रात्रपाळीचा विचार पुन्हा करता येईल.